माल कोणता, गिऱ्हाईक कोण?

दिवाळीत बाटलीत उभा करून आपण पेटवतो तो बाण, श्रीहरिकोट्याहून उपग्रह घेऊन जाणारा अग्निबाण आणि शत्रूच्या तळावर जाऊन आदळणारे क्षेपणास्त्र ही तिन्ही एकाच नियमाने चालतात. मागे वायू फेकायचा आणि त्याच्या उलट दिशेला स्वतः जायचे. सीमाशुल्काच्या पुस्तकात मात्र ही तिन्ही भावंडे एकमेकांना ओळखतही नाहीत. दिवाळीचा बाण सापडतो ३६व्या प्रकरणात, शीर्ष क्रमांक ३६०४ खाली. तिथे त्याच्या शेजारी इशाऱ्याच्या ज्योती, पाऊस पाडण्यासाठी सोडायची रॉकेटे आणि धुक्यात इशारा देणारे बार आहेत. उपग्रह नेणारा अग्निबाण ८८व्या प्रकरणात, विमाने आणि हेलिकॉप्टरांच्या रांगेत बसतो. क्षेपणास्त्राची जागा ९३व्या प्रकरणात, बॉम्ब, सुरुंग आणि काडतुसांबरोबर. आणि या सर्वांना हलवणारे इंजिन सुटे आणले, तर ते जाते ८४व्या प्रकरणात. त्या प्रकरणाची सुरुवात अणुभट्ट्या आणि बॉयलरांनी होते आणि पुढे त्यात पंप, फ्रिज, कपडे धुण्याची यंत्रे, शिवणयंत्रे असा सगळा संसार मांडलेला आहे.

मला या पुस्तकाचे आकर्षण वाटते ते याच कारणाने. जगातील प्रत्येक हलवता येणाऱ्या वस्तूला एक आणि एकच जागा द्यायची, ही त्याची प्रतिज्ञा आहे. पण जेट आणि रॉकेट इंजिनांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर ही प्रतिज्ञा निम्मीच उपयोगी पडते असे दिसते. बंदरावर दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. सीमाशुल्काचा अधिकारी विचारतो, ‘हा माल कोणता?’ निर्यात परवाना देणारा अधिकारी विचारतो, ‘घेणारा कोण?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर वस्तूत असते. दुसऱ्याचे वस्तूत कुठेच सापडत नाही. या लेखात मला या दोन प्रश्नांमधल्या फटीविषयी लिहायचे आहे, कारण आपल्या देशाची वीसेक वर्षे त्या फटीत गेली.

पुस्तक कसे तयार झाले

पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक देशाची जकातीची यादी वेगळी होती. एका देशात माल वर्णानुक्रमे लावलेला, दुसऱ्यात दराप्रमाणे, तिसऱ्यात कच्चा आणि पक्का असा. राष्ट्रसंघाने या गोंधळावर उपाय म्हणून १९३१ मध्ये एक सामाईक यादी तयार केली. १९३७ मध्ये ती सुधारली. तिला जिनिव्हा यादी म्हणतात. त्या वेळी जेट विमान अस्तित्वात नव्हते. फ्रँक व्हिटल या तरुण ब्रिटिश वैमानिकाने १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, पण जेटच्या बळावर पहिले विमान उडाले ते जर्मनीत, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. म्हणजे महायुद्ध सुरू होण्याच्या पाच दिवस आधी.

युद्ध संपल्यावर १५ डिसेंबर १९५० रोजी ब्रुसेल्स येथे नव्या यादीचा करार झाला आणि १९५९ मध्ये तो लागू झाला. तोवर जेट विमाने आकाशात सर्रास दिसू लागली होती, तरीही ब्रुसेल्सच्या यादीने जेट इंजिनाला स्वतंत्र घर दिले नाही. वाफेची, पेट्रोल-डिझेलची आणि पाण्याच्या बळावर चालणारी इंजिने मांडून झाल्यावर जी उरतात, त्यांच्यासाठी ८४०८ हे एक शीर्ष होते: ‘इतर इंजिने व मोटरी’. विसाव्या शतकाचे सर्वांत महत्त्वाचे इंजिन अशा रीतीने ‘इतर’ या शब्दात राहत होते.

पुढची मोठी पायरी म्हणजे १४ जून १९८३ रोजी झालेला सुसंवादी प्रणालीचा करार. व्यापारी मंडळी ज्याला ‘एचएस कोड’ म्हणतात तो हाच. १ जानेवारी १९८८ पासून तो जगात लागू झाला. भारताने त्याची चौकट १९८६ मध्येच उचलली होती. या नव्या यादीत जेटला आपले घर मिळाले: शीर्ष ८४११, म्हणजे टर्बोजेट, टर्बोप्रॉप आणि इतर गॅस टर्बाइन. रॉकेट इंजिन मात्र शेजारच्या ८४१२ मध्ये, म्हणजे पुन्हा ‘इतर इंजिने व मोटरी’ मध्येच राहिले. ‘टर्बोजेट सोडून इतर प्रतिक्रिया इंजिने’ असे त्याचे पोटशीर्ष आहे. त्या घरातले त्याचे सहभाडेकरू पाहण्यासारखे आहेत: वाऱ्यावर फिरणाऱ्या पवनचक्कीची यंत्रे आणि चावी देऊन गुंडाळलेल्या स्प्रिंगवर चालणाऱ्या मोटरी.

विमान, इंजिन आणि पंचवीसची रेघ

या यादीचे तर्कशास्त्र कधी कधी कीर्तनकाराच्या कूटप्रश्नासारखे वाटते. एखादे विमान इंजिनाशिवाय बंदरात आले, तर ते विमानच समजायचे, कारण त्याचे मूळ स्वरूप विमानाचे आहे. पण तेच इंजिन दुसऱ्या पेटीतून आले, तर ते विमानाचा भाग नाही. यादीच्या सतराव्या विभागाची दुसरी टीप स्पष्ट सांगते की, ८४व्या प्रकरणात ज्यांची नावे आहेत ती यंत्रे वाहनांचे सुटे भाग म्हणून धरायची नाहीत. इंजिन काढले तरी विमान उरते. विमान काढले की इंजिन बॉयलरांच्या आळीत परत जाते.

यामागे व्यवहार आहे. गॅस टर्बाइन विमानात बसते, जहाजात बसते, वीजकेंद्रातही बसते. ते कुठे बसणार आहे यावर वर्ग ठरवला, तर आयातदार सांगेल तोच वर्ग होईल. म्हणून यादी वस्तूच्या अंगावर जे मोजता येईल तेच मोजते. टर्बोजेटचा रेटा २५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर एक पोटशीर्ष, त्याहून अधिक असेल तर दुसरे. टर्बोप्रॉपला ही रेघ ११०० किलोवॉटवर मारली आहे, इतर गॅस टर्बाइनना ५००० किलोवॉटवर. इंजिन मुलकी विमानाचे की लढाऊ, याबद्दल हे सहा अंक अवाक्षर काढत नाहीत.

मुलकी आणि लष्करी हा भेद शुल्काच्या दुनियेत वेगळ्या दाराने आला. १९७९ मध्ये काही देशांनी मुलकी विमानांच्या व्यापाराचा करार केला. १ जानेवारी १९८० पासून सह्या करणाऱ्या देशांनी मुलकी विमाने, त्यांची इंजिने आणि सुटे भाग यांवरचे शुल्क काढून टाकले. भारताने त्यावर सही केलेली नाही, पण विमान कंपन्यांना लागणाऱ्या बऱ्याच मालावर वेगवेगळ्या अधिसूचनांनी सवलती दिल्या.

तरी वाद होतच राहिले. दुरुस्तीसाठी परदेशी गेलेले इंजिन परत येते तेव्हा ती वस्तूची आयात की सेवेची, हा प्रश्न न्यायाधिकरणात आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एकाच विमानाचे वेगवेगळे सुटे भाग वेगवेगळ्या शीर्षांत गेल्याने कर ५ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत बदलत असे. अखेर १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांना, मग त्यांचे शीर्ष कोणतेही असो, एकच ५ टक्के एकात्मिक जीएसटी लागू झाला. वर्गीकरणाच्या पुस्तकाने स्वतःच ‘आता वर्गीकरण पाहू नका’ असे सांगण्याचे हे प्रसंग फार थोडे.

हे सगळे वाद पैशांचे आहेत आणि पैशांचे वाद शेवटी मिटतात. दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे घेणाऱ्याच्या नावाचे वाद तसे मिटत नाहीत. त्यांची सुरुवात लंडनमध्ये झाली.

नीन

रोल्स-रॉईस कंपनीचे ‘नीन’ हे जेट इंजिन ऑक्टोबर १९४४ मध्ये पहिल्यांदा सुरू झाले. इंग्लंडमधल्या एका नदीचे नाव त्याला दिले होते. रेटा सुमारे ५००० पौंड, म्हणजे २२ किलोन्यूटनच्या आसपास. त्या वेळी जगातील सर्वांत ताकदवान जेट इंजिनांत त्याची गणना होत असे. युद्ध जिंकलेले ब्रिटन तेव्हा आर्थिकदृष्ट्या खचलेले होते. अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारला परकीय चलन हवे होते. सोव्हिएत संघाकडून लाकूड आणि धान्य हवे होते. सोव्हिएत संघाला जेट इंजिने हवी होती. व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते सर स्टॅफर्ड क्रिप्स, १९४२ मध्ये योजना घेऊन भारतात आलेले आणि आपल्याला शाळेच्या इतिहासातून ठाऊक असलेले तेच क्रिप्स. १९४६ मध्ये त्यांच्या खात्याने विक्रीला संमती दिली. मिकोयान हे विमान रचनाकार आणि क्लिमोव्ह हे इंजिन रचनाकार स्वतः इंग्लंडला आले. नीन आणि त्याचे धाकटे भावंड डर्वेंट अशी काही डझन इंजिने १९४७ पर्यंत रशियात पोहोचली.

ब्रिटिशांची बाजू समजून घेतली पाहिजे. त्यांच्या दृष्टीने हे इंजिन गुपित राहिले नव्हते. नीनमध्ये हवा दाबण्यासाठी जी केंद्रोत्सारी पद्धत होती, ती मागे पडून अक्षीय पद्धतीची इंजिने येणार हे त्यांना दिसत होते. उद्या जुना होणारा माल आज चांगल्या भावाने विकला, असा तो हिशेब होता.

रशियनांनी इंजिन सुटे करून त्याची प्रतिकृती केली. मॉस्कोच्या ४५ क्रमांकाच्या कारखान्यात ती तयार झाली म्हणून तिचे नाव आरडी-४५. क्लिमोव्ह यांनी ती सुधारून व्हीके-१ बनवले. त्याचा रेटा साडेसव्वीस किलोन्यूटनच्या घरात गेला. आजच्या यादीत पाहिले तर मूळ नीन २५च्या रेघेच्या अलीकडे पडते आणि त्याची रशियन सुधारित आवृत्ती पलीकडे. ३० डिसेंबर १९४७ रोजी मिग-१५ हे विमान नीनच्याच बळावर प्रथम उडाले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९५० मध्ये, ते कोरियाच्या आकाशात दिसले तेव्हा अमेरिकी आणि ब्रिटिश वैमानिकांची बहुतेक विमाने त्याच्यापुढे संथ ठरली. रोल्स-रॉईसने पुढे परवाना शुल्काची मागणी केली. हाती काही लागले नाही.

या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. नीनचा परवाना अमेरिकेतल्या प्रॅट अँड व्हिटनीनेही घेतला होता. तिथे त्या इंजिनाचे नाव जे-४२ झाले आणि अमेरिकी नौदलाच्या पँथर विमानांत ते बसले. ९ नोव्हेंबर १९५० रोजी एका पँथरने एक मिग-१५ पाडले. पाडणारे आणि पडणारे, दोघांचीही इंजिने एकाच कुळातली होती. फ्रान्सनेही परवाना घेऊन नीन बनवले आणि ते ज्या विमानांत बसले ती विमाने १९५३ पासून भारतीय वायुसेनेत ‘तुफानी’ या नावाने आली. आपल्या नौदलाने विक्रांत जहाजासाठी घेतलेल्या सी हॉक विमानांतही नीनच होते. त्यांचा जमिनीवरचा तळ गोव्यात दाबोळीला होता आणि तिथल्या नौदल विमान संग्रहालयात ते विमान आजही पाहायला मिळते. माल एकच. लंडनला परवान्याच्या अर्जावर कोणाचे नाव होते, एवढ्यावरून त्याची शौर्यकथा झाली किंवा घोडचूक.

पाश्चात्त्य देशांनी यातून धडा घेतला. १९४९च्या अखेरीस ‘कोकॉम’ ही समिती स्थापन झाली. पॅरिसमध्ये बसून ती साम्यवादी देशांना काय विकायचे नाही याच्या याद्या करी. शुल्काच्या यादीशेजारी दुसरी, शांतपणे ठेवलेली यादी आली. पहिलीत प्रत्येक गोष्टीचा दर होता. दुसरीत दर नव्हता, फक्त होकार किंवा नकार होता.

चंद्रावर न गेलेल्या अग्निबाणाची दोन इंजिने

आता पुढची चाळीस वर्षे ओलांडून रॉकेटकडे येतो. सोव्हिएत संघाने माणूस चंद्रावर नेण्यासाठी एन-१ नावाचा प्रचंड अग्निबाण बांधला होता. १९६९ ते १९७२ या काळात तो चार वेळा उडाला आणि चारही वेळा अपयशी ठरला. १९७४ मध्ये काम थांबवण्यात आले. त्या मोडलेल्या घरात दोन इंजिने अशी होती की, ज्यांना उडण्याची संधीच मिळाली नाही. एक होते कुझनेत्सोव्ह यांच्या संस्थेचे एनके-३३, केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे, खालच्या टप्प्यासाठी. दुसरे इसायेव्ह यांच्या संस्थेने वरच्या टप्प्यासाठी तयार केलेले, द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारे. पुढे त्याचे नाव केव्हीडी-१ झाले. दोन्ही शीर्ष ८४१२ चे रहिवासी. सोव्हिएत संघ कोसळत असताना दोघांनाही परदेशी गिऱ्हाईक मिळाले. पहिल्याला अमेरिका, दुसऱ्याला भारत.

भारताची गरज साधी होती. इन्सॅट मालिकेतील दोन टनांच्या आसपासचे उपग्रह पृथ्वीपासून ३६ हजार किलोमीटरवरील कक्षेकडे धाडण्यासाठी आपण परदेशी अग्निबाणांवर अवलंबून होतो. ते स्वतः करायचे तर वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक इंजिन हवे. हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रवरूपात सांभाळायचा आणि त्यांना काही सेंटिमीटरच्या अंतरावर तीन हजार अंशांच्या ज्वाळेत भेटवायचे. त्या काळी हे साधलेले देश हाताच्या बोटांवर मोजता येत होते. अमेरिकेच्या जनरल डायनॅमिक्सचे आणि युरोपच्या एरियानस्पेसचे देकार फार महाग पडत होते. १८ जानेवारी १९९१ रोजी इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉसशी २३५ कोटी रुपयांचा करार केला. त्यात इंजिने होती आणि ती बनवण्याचे तंत्रज्ञानही होते.

इथे दुसरी यादी पुढे आली. एप्रिल १९८७ मध्ये सात श्रीमंत देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रणाची व्यवस्था उभी केली होती. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एमटीसीआर म्हणतात. ५०० किलो वजन ३०० किलोमीटरपर्यंत नेऊ शकेल अशी कोणतीही यंत्रणा तिने पहिल्या वर्गात घातली. इंजिनांसाठीही रेघ होती: एकूण आवेग ११ लाख न्यूटन-सेकंदांहून अधिक असेल तर पहिला वर्ग. आता हिशेब करा. केव्हीडी-१ चा रेटा सुमारे साडेसात टन आणि उड्डाणात ते चालते बारा मिनिटांच्या आसपास. गुणाकार केला तर पाच कोटी न्यूटन-सेकंद येतात. रेघेच्या चाळीसपटींहून अधिक. आकड्यांच्या भाषेत वादाला जागाच नव्हती.

भारताचे म्हणणे आकड्यांचे नव्हते, वापराचे होते. क्रायोजेनिक इंधन टाकीत भरायला तासन्‌तास लागतात आणि भरून ठेवता येत नाही, कारण ते सतत उकळून जात असते. क्षेपणास्त्र महिनोन्‌महिने सज्ज उभे राहावे लागते आणि काही मिनिटांत उडावे लागते. असे इंजिन क्षेपणास्त्राला लावणे म्हणजे आइस्क्रीमच्या बंदुकीने शिकारीला जाणे. शिवाय भारताकडे तोवर स्वतःची क्षेपणास्त्रे होती. अमेरिकेचे उत्तर होते की, नियमात वापर विचारलेला नाही. मे १९९२ मध्ये तिने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोघांवर दोन वर्षांचे निर्बंध घातले.

या काळात सोव्हिएत संघ उरला नव्हता. रशियाला पैसे हवे होते, त्याहून अधिक बाजारात प्रवेश हवा होता. जुलै १९९३ मध्ये तिने अटळ परिस्थितीचे कलम पुढे करून तंत्रज्ञान देण्याचा भाग मागे घेतला. सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिका आणि रशिया यांच्यात व्यापारी उपग्रह प्रक्षेपणाचा करार झाला आणि रशियाला पाश्चात्त्य उपग्रह उडवण्याची ठरावीक संख्येत मुभा मिळाली. अवकाश स्थानकातही ती भागीदार झाली. भारताला पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या. शेवटी ठरले ते असे: सात तयार इंजिने मिळतील, ती कशी बनवायची हे मिळणार नाही. म्हणजे ८४१२ खालचा माल बंदरातून आत येऊ शकत होता. अडवले गेले ते ज्ञान, ज्याला कुठलेच शीर्ष नाही. कागदावरची रेखाचित्रे आणि माणसांच्या डोक्यातली माहिती यांचे वजन कोणत्याही तराजूवर होत नाही.

याच काळात, नोव्हेंबर १९९४ मध्ये, इस्रोच्या क्रायोजेनिक प्रकल्पाची धुरा वाहणारे नंबी नारायणन यांना केरळमध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ मध्ये आरोप निराधार ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती स्वतंत्र आणि दुःखद कथा आहे. इथे तिची नोंद यासाठी की, बाहेरून दार बंद झाले त्याच सुमारास आत ज्यांच्यावर भिस्त होती त्यांतलाही एक माणूस कामातून गेला.

दुसरे भावंड

आता पहिल्या भावंडाकडे वळू. एनके-३३ इंजिने नष्ट करण्याचा हुकूम असूनही कुइबिशेव्ह, म्हणजे आजचे समारा, इथल्या गोदामात ती जपून ठेवलेली होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने त्यांतली तीन डझनांच्या आसपास इंजिने प्रत्येकी सुमारे ११ लाख डॉलरला विकत घेतली. नवे काही फेरफार करून ती अँटारेस अग्निबाणात बसली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिनियाच्या वॉलप्स तळावरून उडालेला अँटारेस काही सेकंदांतच तळाजवळ कोसळला आणि या जुन्या इंजिनांचा तिथला प्रवास थांबला. त्याऐवजी बसवले ते इंजिनही रशियनच होते.

पण अमेरिकेची मोठी खरेदी दुसरी होती. १९९६ मध्ये लॉकहीड मार्टिनने आपल्या नव्या अ‍ॅटलास अग्निबाणासाठी रशियाचे आरडी-१८० निवडले. त्याचा रेटा केव्हीडी-१ च्या पन्नासपटींहून अधिक. मॉस्कोजवळच्या खिमकी इथे बनलेली ही इंजिने अमेरिकेत येऊ लागली आणि अ‍ॅटलास-५ ने त्यांच्या बळावर अमेरिकी लष्कराचे आणि गुप्तहेर खात्याचे उपग्रहसुद्धा नेले.

हे दुटप्पीपण होते का? मी प्रथम तसेच म्हणणार होतो, पण न्यायाने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, नियंत्रणाची व्यवस्था मालाच्या प्रवासाची दिशा पाहते. ज्याच्याकडे क्षेपणास्त्रे आधीच आहेत त्याच्याकडे इंजिन गेल्याने नवी क्षेपणास्त्र-सत्ता तयार होत नाही. दोन, बेकार झालेले रशियन तंत्रज्ञ इराण किंवा उत्तर कोरियाकडे जाऊ नयेत म्हणून त्यांना काम देणे हा त्या खरेदीचा उघड सांगितलेला हेतू होता. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. पण दोन्ही युक्तिवाद गिऱ्हाइकाविषयी आहेत, मालाविषयी नाहीत. ११ लाख न्यूटन-सेकंदांची रेघ विज्ञानासारखी दिसते; तिच्यामागचा निवाडा विश्वासाचा आहे.

तो विश्वास कसा क्षणात उडतो हे अमेरिकेलाही पाहावे लागले. मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. ३० एप्रिलला स्पेसएक्सच्या दाव्यात वॉशिंग्टनच्या एका न्यायालयाने रशियन इंजिनांची खरेदी तात्पुरती थांबवली. आठवड्याभरात बंदी उठली. मग रशियाचे उपपंतप्रधान रोगोझिन यांनी लष्करी कामासाठी इंजिने न देण्याची धमकी दिली. त्याच वर्षअखेरीस अमेरिकी काँग्रेसने लष्करी उपग्रहांसाठी रशियन इंजिनांच्या वापरावर कायद्याने मर्यादा आणली. मग लक्षात आले की पर्याय तयार नाही, म्हणून पुढच्या वर्षांत मुदती आणि संख्या सैल कराव्या लागल्या. ज्याला इंजिन बाहेरून आणावे लागते त्याची अवस्था श्रीमंतीने फारशी बदलत नाही.

विक्रोळी आणि नंतर

भारताने १९९४ मध्ये स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. आयात केलेल्या इंजिनावर जीएसएलव्हीचे पहिले उड्डाण १८ एप्रिल २००१ रोजी झाले. सातपैकी सहा इंजिने पुढच्या दशकात उडाली. स्वदेशी इंजिनाचा पहिला प्रयत्न १५ एप्रिल २०१० रोजी फसला. यश आले ५ जानेवारी २०१४ रोजी. ग्लावकॉसमॉसशी सही झाली त्याला तेव्हा २३ वर्षे होत आली होती.

या काळात इंजिनाचा पत्ता बदलला. जो माल खिमकी किंवा समारासारख्या गावाहून येणार होता, त्याचे भाग मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात आणि हैदराबादेत बनू लागले. कुलपे आणि कपाटांसाठी घराघरांत माहीत असलेल्या आवारात द्रवरूप इंधनाच्या विकास इंजिनांची जुळणी आधीपासूनच होत होती. तिच्या जोडीला क्रायोजेनिक काम आले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या कारागिरांच्या हातून अग्निबाणाच्या घन इंधनाची आवरणे तयार होत होती. नकारामुळे देश स्वावलंबी झाला, असे यावर भाषण करता येते. मला ते अर्धेच पटते. २३ वर्षांचा उशीर हा उशीरच असतो आणि त्या काळात उपग्रह उडवण्याचे भाडे परदेशात भरले गेले. ज्यांच्या उमेदीच्या वर्षांत इंजिन उडाले नाही, त्यांना त्या भाषणाचा उपयोग नाही.

त्याहून मोठ्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाच्या बळावर चांद्रयान-३ गेले, १४ जुलै २०२३ रोजी. त्याच्या आदल्या वर्षी युक्रेन युद्धामुळे रशियन अग्निबाणांचा मार्ग बंद झालेल्या वनवेब या ब्रिटिश कंपनीने आपले ३६ उपग्रह श्रीहरिकोट्याला आणले. रशियाचे दार बंद झाले म्हणून गिऱ्हाईक आपल्याकडे आले. तीस वर्षांत वारा असा फिरला.

आणि २७ जून २०१६ रोजी भारत त्याच एमटीसीआरचा सदस्य झाला, जिच्या नियमाखाली इस्रोवर निर्बंध आले होते. आता आपल्याकडेही दुसरी यादी आहे. परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाची ती यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते. तिचा पाचवा विभाग विमान आणि अवकाश यंत्रणांचा. विक्रोळी, हैदराबाद किंवा पुण्याजवळच्या एखाद्या छोट्या कारखान्याला रॉकेट इंजिनाचा भाग परदेशी पाठवायचा असेल, तर त्याला शीर्ष क्रमांक लिहून भागत नाही. घेणारा कोण, तो कशासाठी वापरणार, पुढे कोणाला देणार, याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

एके काळी आपल्याला विचारलेले प्रश्न आज आपण विचारतो, हे मला चूक वाटत नाही. नीनची कथा ज्याने वाचली आहे तो ते प्रश्न निरर्थक आहेत असे म्हणणार नाही. पण उद्या एखाद्या लहान देशाची अवकाश संस्था अर्ज घेऊन येईल. तिचा उपग्रह शेतीचा असेल, हवामानाचा असेल आणि आकड्यांच्या रेघेत तिचे इंजिन पहिल्या वर्गात पडत असेल. त्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नियमाचे पुस्तक असेलच. त्याच्याबरोबर १९९३ ची फाइलही असावी. आपला खुलासा तेव्हा ऐकला गेला असता तर किती वर्षे वाचली असती, हे तिच्यात तारीखवार लिहिलेले आहे.